एकाच उंबऱ्यात चार राज्यं

तुम्ही विचारलंय की पुस्तकातला इतिहास साध्या माणसाच्या आयुष्यात नेमका कुठे बसतो. माझ्या आजीचं सांगतो. औसा तालुक्यातल्या एका खेड्यात ती नांदायला आली आणि त्याच घरात राहून तिनं निजामाचं संस्थान, भारतातलं हैदराबाद राज्य, 1956 ला मुंबई राज्य आणि 1960 ला महाराष्ट्र पाहिला. 1982 ला जिल्हाही उस्मानाबादचा लातूर झाला.

जन्मतारीख कुठेच नव्हती. वय विचारलं की म्हणायची, "रझाकारीत थोरला पोटात होता, तवा मी अठराची आसंन." रझाकारी म्हणजे 1948, तेव्हा जन्म 1930 च्या आसपासचा.

15 ऑगस्ट 1947 तिच्या लेखी नव्हताच, आमच्याकडे तेव्हा निजामच होता. पुढच्या उन्हाळ्यात निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या धास्तीनं घरातल्या बायापोरांना रातोरात बैलगाडीनं बार्शीला हलवलं. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे सरहद्दीपलीकडे. तिथे निजामाचा हाली शिक्का कोण घेणार? सात हाली दिले की सहा कलदार, म्हणजे भारतातले रुपये, हा भाव, पण अडलेल्याला तेवढेही मिळत नसत म्हणे. माझे मोठे काका तिथंच जन्मले. गंमत बघा, आई निजामाची रयत आणि पोरगं स्वतंत्र भारतातलं!

13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरकडून फौज नळदुर्गात शिरली, 17 ला निजामानं शरणागती पत्करली. मग ही मंडळी बार्शी लाइट या नॅरोगेज रेल्वेच्या छोट्या गाडीनं लातूरला परतली. पोलीस अ‍ॅक्शननंतर म्हणजे या लष्करी कारवाईनंतर गावोगाव मुसलमानांचे जे हाल झाले, त्यावर मात्र ती एवढंच बोलायची, "आत्तारीण गेली ती परत आली न्हाई." पुढं विचारलं तर उठून कामाला लागायची.

बहात्तरचा दुष्काळ काढला की मात्र थांबायची नाही. खडी फोडायच्या कामावर डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळून दगड धरायचा, तरी हातोडी बोटावर बसायचीच. दुपारी कामावरच मिळणारी सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचं खाणं. घरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी, तीही थापतानाच चिरायची. इंदिरा गांधी, बांगलादेश वगैरे तिला ऐकून माहीत होतं, पण त्या काळाची तिची खूण म्हणजे मिलो.

किल्लारी आमच्याच तालुक्यातली. 30 सप्टेंबर 1993, गणपती बोळवून लोक झोपलेले, पहाटे चारच्या सुमारास भूकंप. आमची मागची भिंत पडली, माणसं वाचली. त्यानंतर ती माळवदाखाली, म्हणजे मातीच्या जड छताखाली, कधी झोपली नाही, शेवटपर्यंत पत्र्याच्या शेडात.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. बराचसा बार्शी लाइटचाच मार्ग, आता ब्रॉडगेज. टीव्हीवर बघून म्हणाली, "आमी आलाव त्याच वाटंनं पाणी आलं की!" पुढच्या वर्षी ती गेली.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर सन विचारू नका. तेव्हा कोण पोटात होतं, दावणीला कुठला बैल होता, हे विचारा. साल मागाहून जुळवता येतं.