चेतापेशी आपल्या टोकाशी सतत पुटिका (पुढच्या पेशीला निरोप देणाऱ्या रसायनाने भरलेले पडद्याचे इवलेसे फुगे) बाहेर रिकाम्या करते, मग तिचं टोक फुगत का नाही? नव्या पुटिका येतात कुठून?

तुमची शंका रास्त आहे, आणि थोडं गणित मांडलं की ती आणखी पक्की होते. मेंदूतल्या एका लहान सिनॅप्सचं (दोन चेतापेशींच्या जोडाचं) टोक साधारण 1 मायक्रोमीटर रुंद असतं. त्यात रसायनाने भरलेल्या दोनेकशे पुटिका. प्रत्येकीचा व्यास सुमारे 40 नॅनोमीटर, म्हणजे पडद्याचं क्षेत्रफळ 5,000 चौरस नॅनोमीटर. टोकाचं स्वतःचं क्षेत्रफळ 3 चौरस मायक्रोमीटरच्या आसपास. पुटिका रिकामी होते तेव्हा ती नाहीशी होत नाही, तिचा पडदा टोकाच्या पडद्यात मिसळतो. आता सेकंदाला 10 पुटिका रिकाम्या होतात असं धरा. 20 सेकंदांत साठा खलास. आणि बाहेरून पुरवठा चालू राहिला, तर मिनिटभरात टोकाचा पडदा दुप्पट!

तो पुरवठा पेशीच्या मुख्य भागाकडून येत असेल, असं पहिल्यांदा वाटतं. पण पायाच्या स्नायूला जाणाऱ्या चेतापेशीचं शरीर पाठीच्या कण्यात असतं आणि टोक जवळपास मीटरभर लांब. अक्षतंतूतून, म्हणजे चेतापेशीच्या लांब धाग्यातून, माल सर्वांत वेगाने जातो तोही दिवसाला फार तर 40 सेंटीमीटर. म्हणजे आज मागवलेली पुटिका परवा-तेरवा पोचणार. तोवर माणूस चालायचा थांबेल. त्यामुळे एकच मार्ग उरतो: टोकाने मिसळलेला पडदा तिथल्या तिथे परत आत ओढायचा, त्याच्या पुटिका करायच्या आणि त्या पुन्हा भरायच्या.

हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे. 1973 साली जॉन ह्यूझर आणि थॉमस रीझ यांनी बेडकाच्या मांडीचा स्नायू त्याच्या चेतेसह वेगळा काढला आणि चेतेला सेकंदाला 10 या वेगाने विजेचे झटके दिले. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पडद्याचा हिशेब मांडला. एका मिनिटानंतर पुटिकांचा पडदा 30 टक्क्यांनी घटला होता, आणि टोकाचा बाहेरचा पडदा जवळपास तेवढाच वाढला होता. 15 मिनिटांनंतर घट 60 टक्क्यांवर गेली, पण टोकाच्या आत वेड्यावाकड्या आकाराच्या पिशव्या दिसू लागल्या. स्नायूला विश्रांती दिली, तशा पिशव्या गेल्या आणि पुटिका परत आल्या. या सगळ्या काळात पडद्याची एकूण बेरीज मात्र तेवढीच राहिली.

त्यांचा पुढचा पुरावा मला सगळ्यात आवडतो. स्नायू त्यांनी पेरॉक्सिडेज नावाच्या विकरात (एन्झाइममध्ये) भिजवला. हे विकर पडद्यातून आरपार जात नाही, आणि योग्य रसायन मिळालं की गडद डाग सोडतं. झटके चालू असताना डाग दिसले पिशव्यांमध्ये, आणि विश्रांतीनंतर पुटिकांमध्ये. बाहेरचं विकर पुटिकेच्या पोटात गेलं, याचा अर्थ ती पुटिका बाहेरच्या पडद्यापासूनच तयार झाली होती. वर्गात हे चित्र दाखवलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

पडदा आत ओढायचं काम प्रथिनं करतात. क्लॅथ्रिनचे तीन पायांचे रेणू एकमेकांत गुंतून जाळी विणतात आणि पडद्याला आत गोलाई आणतात. मग डायनामिन नावाचं प्रथिन, कापसाच्या पोत्याचं तोंड सुतळीने आवळावं तसं, त्या खळग्याच्या मानेभोवती गुंडाळलं जातं आणि ऊर्जा खर्चून मान तोडतं. फळमाशीच्या एका वाणात डायनामिनचा जनुक बिघडलेला असतो. ही माशी नेहमीच्या तापमानाला ठीक असते, पण 29 अंशांच्या वर नेली की लुळी पडते. तिच्या चेतांच्या टोकांत पुटिका जवळजवळ उरलेल्या नसतात आणि पडद्यावर मान न तुटलेले खळगे लटकत असतात. परत थंड केली की माशी उठून चालू लागते.

क्लॅथ्रिनचा मार्ग तसा संथ, काही सेकंदांचा. 2013 साली शिगेकी वातानाबे आणि एरिक यॉर्गनसेन यांच्या गटाने दाखवलं की पडदा 50 ते 100 मिलिसेकंदांतही आत येतो, तोही एका वेळी बऱ्याच पुटिकांना पुरेल इतका. उंदराच्या चेतापेशींत हे शरीराच्या तापमानालाच घडतं, थंड खोलीत नाही. पुटिका पूर्ण न मिसळता क्षणभर तोंड उघडून परत मिटते, हे मतही 1973 पासून आहे आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

आता हे सगळं आमच्याकडे, यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात, का शिकवायचं? कारण मण्यार. रात्रीच्या लाईटवर बागेला पाणी द्यायला गेलेला माणूस मोटारीपाशी चटई टाकून लवंडतो. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही आणि खूण नीट दिसत नाही. पहाटे पोट दुखायला लागतं, मग पापण्या उघडत नाहीत, थुंकी गिळता येत नाही, श्वास कमी होतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या काकांचं असंच झालं. ते व्हेंटिलेटरवर होते, चेहरा निश्चल, आणि घरचे समजत होते की शुद्ध गेली. खरं तर त्यांना सगळं ऐकू येत होतं. मेंदू शाबूत होता, स्नायूही शाबूत होते, बंद पडली होती ती चेतांची टोकं.

मण्यारीच्या विषातलं एक विकर, फॉस्फोलायपेज ए-2, टोकाच्या पडद्यातल्या मेदाच्या रेणूंचा एक तुकडा पाडतं. उरलेला रेणू शंकूसारखा होतो आणि पडद्याच्या बाहेरच्या थरातच अडकून बसतो. त्याने पुटिका पडद्याला मिसळणं सोपं होतं, पण पडद्याचं आत वळणं अवघड. पुटिका रिकाम्या होत जातात, परत येत नाहीत. टोक खरोखर फुगतं, त्यात कॅल्शियम शिरतं आणि ते मरतं. तुम्ही विचारलेला फुगवटा इथे प्रत्यक्ष घडतो.

नागाच्या विषाचं तसं नाही. ते मुख्यतः पलीकडे, स्नायूवरच्या ग्राहींवर (चेतेचं रसायन टिपणाऱ्या प्रथिनांवर) बसतं, म्हणून सर्पदंशाची लस आणि निओस्टिग्मिन हे औषध यांनी रुग्ण लवकर सुधारू शकतो. मण्यारीच्या दंशात लस रक्तातलं विष बांधते, पण मेलेलं टोक जिवंत करत नाही. ती लवकर द्यायची ती यासाठी की आणखी टोकं मरू नयेत. अशा रुग्णाला काही दिवस, कधी त्याहून जास्त, यंत्रावर श्वास द्यावा लागतो. तेवढ्या काळात जिवंत असलेला अक्षतंतू स्नायूवर नवं टोक वाढवतो, आणि त्यात पुटिकांचं ये-जा करणं नव्याने सुरू होतं. म्हणून पापणी हलत नाही म्हणून रुग्णाला घरी नेऊ नका. त्याच्याशी बोलत राहा, त्याला ऐकू येत असण्याची पुरेपूर शक्यता असते.