अंतराचं सोड, आधी सॅक काट्यावर ठेव

रोजच्या प्रवासाबद्दलची तुझी पोस्ट वाचली. सकाळी साडेसहाला घर सोडायचं, दोन बस आणि एक मेट्रो, मधे मधे चालणं, कॉलेज, मग शहराच्या दुसऱ्या टोकाचं ग्रंथालय, संध्याकाळी शिकवण्या, रात्री साडेनऊला घरी. दिवसाचं चालणं नऊ-दहा किलोमीटर. आणि हे सगळं सांगून झाल्यावर, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य: "सकाळी उठल्यावर पहिली चार-पाच पावलं टाच टेकवत नाही, मग बरं वाटतं." या वाक्याशी येऊन मी थांबले. वीसेक वर्षांपूर्वी हेच मी आईला सांगितलं होतं, आणि "मग बरं वाटतं" म्हणून पुढे चार महिने ढकलले होते. तुझा प्रश्न प्रवासाचा वेळ कसा कमी करायचा हा आहे. त्यावर बोलेन, पण नंतर. (वयाने बरीच मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करतेय. राग मानू नकोस.)

छत्री, चार्जर, पासची मुदत यांवर लिहीत नाही. वर्षभर ये-जा करणाऱ्या मुलीला ते मी काय सांगणार.

माझं काय झालं ते सांगते. आमच्या कॉलेजात तळमजल्यावर लॉकर होते. मी पहिल्याच आठवड्यात अर्ज केला. खिडकीवरच्या गृहस्थांनी पत्त्याचा पुरावा मागितला, तो दिला. मग विभागप्रमुखांची सही हवी म्हणाले, ती आणली. मग कळलं की अर्ज घेणाऱ्या बाई फक्त मंगळवारी अकरा ते एक बसतात, आणि मंगळवारी अकरा ते एक माझं प्रॅक्टिकल. तिसऱ्या मंगळवारी प्रॅक्टिकल बुडवून गेले तर "लांबून येणाऱ्यांना प्राधान्य आहे, पण लांबून येत असल्याचं पत्र लागेल." पत्र कोण देणार, तर तेच कार्यालय, दुसरी खिडकी. ते पत्र हातात पडेपर्यंत त्या वर्षीचे लॉकर संपले होते. मी रोज त्या लॉकरांवरून जायचे. निम्म्यांना कुलूपच नव्हतं. आजही हे लिहिताना कानशिलं तापतात, त्यामुळे इथेच थांबते.

पण कार्यालयाला कितीही शिव्या दिल्या तरी खरी चूक माझीच. मी अर्जाचा नाद सोडला आणि सगळं पाठीवर घेऊन फिरायला लागले. सकाळच्या तासांची पुस्तकं, लॅपटॉप, चार्जर, प्रयोगशाळेचा कोट, संध्याकाळच्या मुलांच्या वह्या आणि घरून भरलेली दोन लिटरची बाटली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकलेले असूनही माझ्या डोक्यात कधी आलं नाही. कॉलेजात प्यायच्या पाण्याचा नळ होता!

टाच दुखायला लागल्यावर मी दोष दिला चालण्याला. म्हणून चालायचा पल्ला टाळून एक जादा बस घ्यायला लागले. त्या बसला गर्दी असायची, म्हणजे पाठीवर तेवढंच ओझं घेऊन पाऊण तास उभं राहणं. वर एक शहाणपणा केला: पायाला आराम म्हणून मऊ, सपाट, नुसते पाय सरकवायचे बूट घेतले. त्यांना ना टाचेचा आधार, ना कमानीचा. महिन्याभरात मी लंगडायला लागले, लंगडण्याने दुसऱ्या पायाचा गुडघा धरला, आणि शेवटी तीन आठवडे घरी बसावं लागलं. त्यातच प्रॅक्टिकलची परीक्षा गेली. तो विषय पुढच्या वर्षी द्यावा लागला.

फिजिओथेरपिस्टबाईंनी माझा पाय बघायच्या आधी कोपऱ्यातली सॅक उचलून वजनकाट्यावर ठेवली. ८.५ किलो. माझं वजन तेव्हा ५१. म्हणजे माझ्या सहाव्या हिश्शाएवढं ओझं घेऊन मी दिवसाचे चौदा तास फिरत होते. शाळकरी मुलांच्या दप्तरासाठी वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के ही मर्यादा सांगतात. मोठ्यांना तो नियम तंतोतंत लागू नसेल, पण रोज चौदा तास म्हटल्यावर मी तरी १० टक्क्यांच्या वर जाणार नाही.

टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्याखालून एक जाड पट्टा जातो, प्लांटर फॅशिया. त्यावर रोजचा ताण जास्त झाला की टाचेपाशी तो दुखावतो. रात्रभर पाय सैल पडलेला असतो, पट्टा आखडतो, आणि सकाळच्या पहिल्या पावलांना एकदम ताणला जातो. थोडं चाललं की सैलावतो, म्हणून "मग बरं वाटतं". हा बरेपणा फसवा असतो. तुला हेच झालंय असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही, टाच दुखायची दुसरीही कारणं असतात, तेव्हा दाखवून घे. पण दाखवायला चार महिने लावू नकोस. बहुतेकांचं हे दुखणं शस्त्रक्रियेविना बरं होतं, फक्त महिने खातं. मला पोटरीचे ताण-व्यायाम दिले होते, आणि अंथरुणातून उतरण्याआधी पायाची बोटं हाताने स्वतःकडे ओढून धरायची. दिसायला अगदी किरकोळ, पण मला सर्वांत जास्त उपयोग याचाच झाला.

बुटांचं थोडक्यात. संध्याकाळी घे, कारण दिवसभरात पाय सुजतो आणि तुला बूट त्या सुजलेल्या पायातच घालायचाय. उभं राहून बघ, सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. नाडीचेच घे. नवा बूट पहिल्याच दिवशी दहा किलोमीटरला नेऊ नकोस. फोड आला तर फोडू नकोस, वरची कातडी हेच त्याचं झाकण.

चालण्याला मात्र घाबरू नकोस, हे माझं ठाम मत. इथे काही जणांनी तुला "एवढं चालणं अतीच" असं लिहिलंय. सपाट रस्त्यावर माणूस तासाला साधारण पाच किलोमीटर चालतो. म्हणजे तुझं दिवसभराचं चालणं दोन तासांचं, तेही सहा तुकड्यांत. धडधाकट पायाला आणि हलक्या पाठीला ते जड नाही. आणि दुसऱ्या टोकाला जाऊन रोजचा दहा हजार पावलांचा आकडाही पवित्र मानू नकोस. तो १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला, कुठल्या वैद्यकीय तपासणीतून नव्हे.

आता तुझा मूळ प्रश्न. बस दर दहा मिनिटांनी आहे, म्हणजे सरासरी पाच मिनिटं थांबावं लागेल, असा हिशोब तू मांडलायस. बस घड्याळासारख्या आल्या तरच तो बरोबर. समज, एक बस दोन मिनिटांच्या अंतराने येते आणि पुढची अठरा मिनिटांनी. सरासरी अंतर दहाच, पण तू थांब्यावर पोचण्याची शक्यता त्या अठरा मिनिटांच्या पोकळीत जास्त, आणि सरासरी थांबणं निघतं आठ मिनिटांच्या वर. दिवसात तीन-चार वाहनं बदलताना हेच साठत जातं. म्हणून मी थोडं जास्त चालून एक बदल वाचवते. नकाशावरचं ॲप पाच मिनिटं उशीर दाखवतं, पण दिवस बिघडण्याची एक जागा तर कमी होते. हे माझं गणित झालं. तुझ्या रस्त्याला दिवे नसतील, रात्रीचं निर्जन असेल, तर बसच घे, त्यात वाद नको.

इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी १९९४ साली मांडलं होतं की माणसं सरासरी दिवसाला तासभर प्रवासात घालवतात, वाहनं वेगवान झाली की तेवढ्याच वेळात लांब जाऊन राहतात. तुझे चार तास होतायत. त्यामुळे "मीच कमी पडतेय का" असं जे तू लिहिलंयस ते खोडून टाक.

आणखी एक. बसमध्ये वाचायचा हट्ट सोड. डोळे पुस्तकावर स्थिर, आतला कान सांगतोय की आपण हलतोय, मग मळमळणारच. ऐकायचं काहीतरी लाव, नाहीतर झोप. झोपणार असशील तर सॅकचा पट्टा पायात अडकव आणि कंपनाचा गजर लाव. मी दोनदा शेवटच्या थांब्यावर उठलेय.

लॉकरचं मात्र विचार. कार्यालय नाही म्हणालं तर ग्रंथालयात विचार, विभागाच्या कपाटात एक कप्पा माग, शिकवणी घेतेस त्या घरी वह्या ठेवता येतात का बघ. मी हे तिन्ही विचारलंच नाही. एका खिडकीने नाही म्हटलं आणि मी ते सगळ्या कॉलेजचं नाही समजून बसले. आणि आज रात्री घरी पोचलीस की सॅक न उघडता, आहे तशी काट्यावर ठेव. आकडा इथे लिही, मग काय काय काढायचं ते एकेक करून बघू.