भारतीय लायसन्सवर जर्मनीत सहा महिने, आणि पुढे दोन परीक्षा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याचं तीन वर्षं जुनं एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाचं) लायसन्स आहे, ऑक्टोबरपासून जर्मनीत दोन वर्षांचं मास्टर्स सुरू होतंय, आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढलंय. यावर गाडी किती दिवस चालवता येईल? नंतर लायसन्स नुसतं बदलून मिळतं की पुन्हा पहिल्यापासून सगळं?

सहा महिने चालवता येईल. त्यानंतर बदलून मिळतं, पण लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. जपान, दक्षिण कोरिया अशा काही देशांच्या लायसन्सला परीक्षेविना जर्मन कार्ड मिळतं. त्या यादीत भारत नाही. तीन वर्षं गाडी चालवल्याचा फायदा होतो, पण तो शिकवणीत. परीक्षेत कुणी सूट देत नाही.

आधी सहा महिन्यांचं बघू, कारण सगळ्यात महाग चूक तिथेच होते. ही मुदत तुम्ही जर्मनीत राहायला आलात त्या दिवसापासून मोजली जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा आनमेल्डुंगची, म्हणजे पत्ता नोंदवल्याची तारीख बघतात. मधे दिवाळीला घरी जाऊन आलात म्हणून घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. परमिट वर्षभराचं आहे म्हणून वर्षभर चालेल, हा दुसरा गैरसमज. इंटरनॅशनल परमिट हे तुमच्या लायसन्सचं भाषांतर आहे, त्यापलीकडे त्याला स्वतंत्र किंमत नाही. मूळ लायसन्स सहा महिन्यांनी इथे चालेनासं झालं की परमिटही त्याच्याबरोबर निरुपयोगी होतं. फक्त एक-दोन सेमिस्टरसाठी आलेल्यांना, मुक्काम बारा महिन्यांच्या आतला आहे हे कागदावर दाखवता आलं, तर अर्ज करून आणखी सहा महिने मिळू शकतात. दोन वर्षांच्या मास्टर्सला ही वाट नाही.

मुदत संपल्यावर चालवलेली गाडी ही दंड भरून सुटण्यातली गोष्ट नाही. तो लायसन्सशिवाय गाडी चालवण्याचा फौजदारी गुन्हा होतो. कायद्यात त्याला दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि माहीत असून गाडी हातात देणारा मालकही त्यात सापडतो. अपघात झालाच तर समोरच्याचं नुकसान विमा कंपनी भरते, पण नंतर तुमच्याकडून ५,००० युरोपर्यंत वसूल करू शकते. व्हिसा वाढवायच्या वेळी पोलिसात असं काही नोंदलेलं असणं कुणालाच परवडत नाही.

ज्यांच्याकडे अजून लायसन्स नाही त्यांनी हे वाचा. इथे राहायला आल्यानंतर सुट्टीत भारतात जाऊन काढलेलं लायसन्स जर्मनीत धरत नाहीत. तुमचं वास्तव्य इथलं असताना ते मिळालेलं असतं, म्हणून. लर्निंग लायसन्सही चालत नाही. महाराष्ट्रात लर्निंग मिळाल्यावर पक्क्या लायसन्सच्या टेस्टसाठी किमान ३० दिवस थांबावं लागतं, मग कार्ड पोस्टाने येतं. म्हणजे ऑक्टोबरला निघायचं असेल तर जूनमध्ये आरटीओची पायरी चढायला हवी. परमिटसाठी पासपोर्ट आणि व्हिसा लागतो, फी १,००० रुपये. त्यामुळे व्हिसा हातात आल्यावरच तो अर्ज होतो. निघताना सारथी पोर्टलवरून डीएल एक्स्ट्रॅक्टही (लायसन्सच्या नोंदीचा उतारा) काढून ठेवा. लायसन्स पहिल्यांदा कधी मिळालं हे त्यावर स्वच्छ दिसतं, आणि कार्ड नूतनीकरणाचं असेल तर इथल्या कारकुनाला नेमकी तीच तारीख हवी असते. मोबाइलमधलं डिजिलॉकरचं लायसन्स इथे उपयोगाचं नाही, मूळ कार्डच लागतं.

आता बदलून घेण्याची प्रक्रिया. तिला उमश्रायबुंग म्हणतात, आणि अर्ज शहराच्या फ्यूररशाइनस्टेलेत, म्हणजे लायसन्स ऑफिसात होतो. सोबत लागतं ते असं: पासपोर्ट आणि पत्ता नोंदणीचा कागद, बायोमेट्रिक फोटो, मूळ भारतीय लायसन्स आणि त्याचं जर्मन भाषांतर, डोळ्यांच्या तपासणीचा दाखला, प्रथमोपचाराचा दाखला, आणि कुठल्या फारशूलेतून (ड्रायव्हिंग स्कूलमधून) परीक्षा देणार त्याचं नाव. भाषांतर एडीएसी या मोटार संघटनेकडून किंवा शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घ्यायचं. काही ऑफिसं इंग्रजी कार्ड तसंच चालवून घेतात, तेव्हा पैसे घालवण्याआधी ईमेल करून विचारा. डोळे बहुतेक चष्म्याच्या दुकानांत तपासून मिळतात, सरकारी दर ६.४३ युरो, दाखला दोन वर्षं चालतो. चष्मा लावून तपासलेत तर लायसन्सवर ०१ हा आकडा पडतो, मग चष्म्याशिवाय गाडी चालवायची नाही. प्रथमोपचाराचा कोर्स ४५ मिनिटांच्या नऊ तासिकांचा, एका शनिवारात उरकतो. रेडक्रॉस, योहानिटर, माल्टेझर या संस्था तो घेतात, आणि मोठ्या शहरांत इंग्रजीतूनही मिळतो.

अर्ज केल्यावर ऑफिस परीक्षेचा आदेश त्यांच्या भागातल्या परीक्षा संस्थेला पाठवतं. पश्चिमेकडे ती टुफ, पूर्वेकडे बहुतेक ठिकाणी डेकरा. या टप्प्याला आठवडे जातात, मोठ्या शहरांत महिने. अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो ते वेगळंच. म्हणून आनमेल्डुंग झाली की त्याच आठवड्यात डोळे, प्रथमोपचार आणि अपॉइंटमेंट या तिन्ही गोष्टी लावून द्या. पाचव्या महिन्यात जागं होणाऱ्यांची गाडी नंतर हमखास काही महिने बंद राहते. सहा महिने उलटून गेले म्हणून बदलून घ्यायचा हक्क मात्र जात नाही. तोवर स्वतः चालवता येत नाही, इतकंच.

आता ती शिकवणीतली सूट. जर्मनीत नव्याने लायसन्स काढणाऱ्याला ९० मिनिटांचे १४ थिअरी वर्ग आणि १२ सक्तीच्या खास फेऱ्या (पाच गावाबाहेरच्या रस्त्यांवर, चार ऑटोबानवर म्हणजे एक्स्प्रेसवेवर, तीन रात्रीच्या) कराव्याच लागतात. बदलून घेणाऱ्याला यातलं काहीही सक्तीचं नाही. फारशूलेत नाव नोंदवतानाच मी उमश्रायबुंगवाला आहे हे सांगा आणि दरपत्रक लेखी घ्या. सक्ती नसलेल्या तासांचं पूर्ण पॅकेज गळ्यात मारणारे भेटतात. पण शून्य तासांत परीक्षेला बसायचा हट्टही धरू नका. परीक्षा शाळेच्याच गाडीत, शाळेचाच शिक्षक शेजारी बसवून द्यायची असते, आणि तुमच्यावर विश्वास बसल्याशिवाय तो तारीख लावत नाही. भारतात नियमित चालवणाऱ्यालाही ४५ मिनिटांचे दहा ते पंधरा तास लागतात असं धरून चला. नवशिक्याचा खर्च अडीच-तीन हजार युरोंच्या घरात किंवा वर जातो. तुमचा त्याच्या निम्म्याच्या आसपास बसावा, आणि त्यात मोठा वाटा तासांचाच असेल.

गाडी मॅन्युअल की ऑटोमॅटिक? परीक्षा ऑटोमॅटिकवर दिलीत आणि गिअरच्या गाडीचं वेगळं प्रशिक्षण (बी१९७) घेतलं नसेल तर कार्डावर ७८ पडतो आणि गिअरची गाडी चालवता येत नाही. भारतात गिअर हाताळलेल्याने मॅन्युअलच घ्यावी. फक्त गिअर आता उजव्या हाताला असतो. पहिले दोन तास डावा हात दारावर आपटतो, मग जमतं.

लेखी परीक्षा संगणकावर असते, इंग्रजीत देता येते. हिंदी किंवा मराठी नाही. ३० प्रश्न, प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाला दोन ते पाच दोषगुण, आणि एकूण दहा दोषगुणांपर्यंत पास. पण पाच-पाचचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज दहाच असूनही नापास. ते प्रश्न बहुतेक अग्रक्रमाचे, म्हणजे आधी कुणी जायचं याचे असतात, तेव्हा अभ्यास तिथून सुरू करा. एकाहून जास्त उत्तरं बरोबर असू शकतात, आणि एक जरी सुटलं तरी अख्खा प्रश्न गेला. काही प्रश्नांना व्हिडिओ असतो, तो पाच वेळा बघता येतो. पण प्रश्न उघडल्यावर मागे जाता येत नाही, म्हणून आरसे आणि रस्त्याच्या कडा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. थांबायच्या अंतराचं सूत्र पाठच करा. वेगाला दहाने भागून तीनने गुणलं की प्रतिक्रियेचं अंतर, दहाने भागून वर्ग केला की ब्रेकचं. ताशी ५० किलोमीटरला १५ आणि २५, मिळून ४० मीटर. करकचून ब्रेक मारला तर ब्रेकचं अंतर निम्मं धरायचं. नापास झालात तर दोन आठवड्यांनी पुन्हा बसता येतं. पास झाल्यावर प्रत्यक्ष परीक्षा बारा महिन्यांच्या आत व्हायला हवी, नाहीतर लेखी पुन्हा.

अनुभवी भारतीय चालक पडतात ते प्रत्यक्ष परीक्षेत. ती सुमारे ५५ मिनिटांची असते. परीक्षक मागच्या सीटवर बसतो आणि सूचना जर्मनमध्ये देतो. लिंक्स (डावीकडे), रेख्ट्स (उजवीकडे), गेराडेआउस (सरळ), आबबीगन (वळणे), वेंडन (गाडी उलट दिशेला फिरवणे), आइनपार्कन (पार्क करणे) एवढे शब्द कानाला सरावलेले हवेत. तो काही बोलला नाही तर सरळ जायचं. सुरुवातीला टायर, दिवे, तेल असलं काहीतरी दाखवायला सांगतो. टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर, हे त्यातलं नेहमीचं.

सर्वात जास्त बळी घेतो तो रेख्ट्स फोर लिंक्स: पाटी किंवा सिग्नल नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. गंमत म्हणजे कागदावर हा नियम आपल्याकडेही आहे. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडच्याला वाट द्यावी असंच लिहिलंय, फक्त पुण्याच्या पेठांत त्याची कुणाशी ओळख नाही. इथे मात्र ताशी ३० किलोमीटरच्या झोनमध्ये दर पन्नास-शंभर मीटरवर त्याचीच परीक्षा असते. समजा रस्ता अरुंद आहे, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, पुढे उजवीकडे एक गल्ली फुटतेय आणि ती अजून दिसत नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, दुसऱ्या गिअरवर या, ब्रेकवर पाय तयार ठेवा, आणि मान उजवीकडे स्पष्ट वळवून बघा. गल्ली रिकामी असली तरी हे सगळं करायचं, कारण परीक्षक गल्ली नाही, तुमची मान बघत असतो. ३०च्या वेगाने न बघता पार झालात तर समोर कुणी नसतानाही नापास होऊ शकता. उलट डावीकडच्या गाडीसाठी उगाच थांबलात तर तीही चूक. आणि उजवीकडचा रस्ता बुटक्या, उतरत्या कडेवरून बाहेर येत असेल तर त्याला अग्रक्रम नाही. तो थांबतो, तुम्ही जाता. हे ओळखायला रस्त्यावर नव्हे, फुटपाथच्या कडेकडे बघायची सवय लावावी लागते.

दुसरा बळी शुल्टरब्लिक, म्हणजे खांद्यावरून मागे टाकलेली नजर. उजवीकडे वळताना, लेन बदलताना, कडेवरून निघताना आरसा बघून भागत नाही, कारण तुमच्या उजव्या दारालगत सायकलवाला असतो आणि सरळ जाण्याचा पहिला हक्क त्याचा. क्रम पक्का ठेवा: आतला आरसा, बाहेरचा आरसा, इंडिकेटर, खांद्यावरून नजर, मग स्टिअरिंग. सायकलला ओलांडताना गावात दीड मीटर, गावाबाहेर दोन मीटर अंतर. तेवढी जागा नसेल तर तिच्या मागे रांगत जायचं, हॉर्न नाही. हॉर्नवरचा हात एकूणच विसरा.

बाकीच्या ठेचा लहान पण रोजच्या. स्टॉपच्या पाटीला चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, सरपटत जाणं चालत नाही. सिग्नलशेजारी हिरव्या बाणाची छोटी पत्र्याची पाटी असेल तर लाल दिव्यावर उजवीकडे वळता येतं, पण आधी पूर्ण थांबून. गोल चौकात शिरताना इंडिकेटर नाही, बाहेर पडताना हवाच. मुलं खेळतानाची निळी पाटी असलेल्या रस्त्यावर माणसाच्या चालीने चालवायचं, आणि तिथून बाहेर पडताना सगळ्यांना वाट द्यायची. ऑटोबानवर शिरताना वेगवाढीच्या लेनमध्ये खरंच वेग वाढवा. ६० वर रेंगाळत मिसळणारा तिथेच नापास होतो. आणि शिक्षकाने आपल्या पायाखालचा ब्रेक दाबला की परीक्षा संपली.

सरावासाठी मित्राची गाडी घ्यायची असेल तर पहिल्या सहा महिन्यांतच, तेही विम्यात तुमच्यासारखा चालक बसतो का ते विचारून. त्यानंतर सार्वजनिक रस्त्यावर फक्त फारशूलेची गाडी आणि शिक्षक. लर्निंगवर एल लावून भावाला शेजारी बसवायची आपली पद्धत इथे नाही. सहा महिन्यांनंतर मित्राबरोबर हात साफ करायचा असेल तर बंदिस्त सराव मैदानं असतात, तिथे पैसे भरून जाता येतं.

पास झालात की जर्मन कार्ड भारतीय कार्ड जमा करूनच मिळतं. जमा करण्याआधी दोन्ही बाजूंचे रंगीत स्कॅन काढून ठेवा, आणि कार्ड पुढे कुठे ठेवतात किंवा पाठवतात ते खिडकीवरच विचारून घ्या. नव्या चालकांसाठी दोन वर्षांचा प्रोबेत्साइट, म्हणजे परीक्षाकाळ असतो, त्यात चुका महाग पडतात. भारतीय लायसन्स मिळाल्यापासूनचा काळ त्यात मोजला जातो. तीन वर्षं जुन्या लायसन्सला तो उरतच नाही, पण पहिल्या जारी झाल्याची तारीख कागदावर दिसली तरच. तो डीएल एक्स्ट्रॅक्ट इथेही पुढे करा.