वाचकांचे प्रश्न : ईडिपसचा अपराध कोणता?

प्रश्न : ग्रीक शोकात्मिकेच्या नायकामध्ये गर्व हा दोष असतो आणि त्याची शिक्षा म्हणून देव त्याचा नाश करतात, असे आम्हांला अभ्यासक्रमात शिकवले गेले. थोडक्यात, गर्वाचे घर खाली. पण सॉफोक्लीझचे ‘राजा ईडिपस’ वाचताना ज्याबद्दल एवढी भयंकर शिक्षा व्हावी असा गर्व मला कुठे सापडला नाही. माझ्या वाचनात काही राहून गेले आहे का?

उत्तर : आपले वाचन बरोबर आहे; अपुरे आहे ते सूत्र. ते ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलच्या नावावर खपते, पण त्याच्या ‘काव्यशास्त्रा’त ते या रूपात आढळत नाही. ॲरिस्टॉटल म्हणतो की शोकात्मिकेचा नायक सद्गुणांचा पुतळा नसावा आणि दुष्टही नसावा. त्याच्यावर कोसळणारी आपत्ती दुष्टपणामुळे न येता एखाद्या मोठ्या चुकीमुळे यावी. ही चूक म्हणजे स्वभावातला नैतिक डागच, असा अर्थ नंतरच्या काळात रूढ झाला. वस्तुतः नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात ॲरिस्टॉटल अज्ञानातून घडलेली चूक आणि जाणूनबुजून केलेला अन्याय यांत स्पष्ट भेद करतो. ईडिपसने वाटेवरच्या भांडणात ज्या वृद्धाला मारले तो आपला पिता लायस आहे, हे त्याला ठाऊक नव्हते, आणि थीब्जच्या ज्या विधवा राणीशी त्याने लग्न केले ती आपली आई आहे, हेही ठाऊक नव्हते. उलट, पित्याची हत्या आणि मातेशी विवाह तुझ्या हातून होईल असा कौल डेल्फीच्या अपोलो देवाच्या मंदिरात मिळताच, ज्यांना तो आईबाप समजत होता त्यांना जपण्यासाठी त्याने कॉरिंथ कायमचे सोडले होते.

ईडिपस तापट आहे, संशयी आहे, हे मान्यच करावे लागेल. अंध द्रष्ट्या टायरेसियसला तो वाटेल ते बोलतो आणि मेहुणा क्रीऑन याच्यावर पुराव्याशिवाय कटाचा आरोप करतो. परंतु हे सारे रंगमंचावर घडते तेव्हा हत्या आणि विवाह या दोन्ही गोष्टी होऊन कित्येक वर्षे उलटलेली आहेत. आणि आपल्याच मुलाच्या हातून तुला मरण येईल, हा लायसला मिळालेला कौल तर या मुलाच्या जन्माआधीचा आहे. जो अपराध अजून घडलेलाच नाही त्याची शिक्षा आधी ठरवून ठेवणारा न्याय सॉफोक्लीझने दाखवला आहे, असे मानायला नाटकात काहीच आधार नाही. मद हाच जुलमी राजाला जन्म देतो, अशा अर्थाचे कोरसचे, म्हणजे नगरजनांच्या गायकवृंदाचे, एक प्रसिद्ध गीत नाटकाच्या मध्यावर येते, आणि सूत्राचे समर्थक त्यावर भर देतात. पण ते गीत म्हणजे राणी जोकास्टाने देवांचे कौल हसण्यावारी नेल्यावर घाबरलेल्या नागरिकांची प्रतिक्रिया आहे. तो नाटककाराचा निकाल समजणे मला घाईचे वाटते. ‘कोलोनसमधील ईडिपस’ या वार्धक्यात लिहिलेल्या नाटकात, जे सॉफोक्लीझच्या मृत्यूनंतर इ.स.पू. 401 मध्ये त्याच्या नातवाने रंगभूमीवर आणले, म्हातारा ईडिपस स्वतःचा बचाव मोठ्या ठामपणे करतो. याच क्षणी कोणी तुझ्यावर जीवघेणा हल्ला केला, तर तो तुझा बाप आहे का, अशी चौकशी तू आधी करशील का, असे तो क्रीऑनला विचारतो. क्रीऑनला त्याचे उत्तर देता येत नाही.

प्रश्न : सगळेच नियतीने ठरवलेले असेल तर नायक करतो काय? त्याला कळसूत्री बाहुली म्हणायचे नाही तर दुसरे काय म्हणायचे?

उत्तर : कौलात नेमके काय होते आणि काय नव्हते, हे इथे नीट पाहायला हवे. ईडिपस पित्याला मारील आणि मातेशी लग्न करील एवढेच त्यात होते. हे त्याला कधी काळी कळेल, त्याच दिवशी कळेल, सगळ्या नगरासमोर कळेल, यातले काहीही कौलात नव्हते. आणि नाटक तर नेमके या कळण्याचेच आहे. नगरात रोगाची साथ पसरल्यावर, लोकांनी गाऱ्हाणे मांडण्यापूर्वीच क्रीऑनला डेल्फीला पाठवण्याचा निर्णय त्याचा. लायसच्या मारेकऱ्याला जाहीर शाप देण्याचा निर्णयही त्याचाच. पुढे तर त्याला थांबवण्याची संधी एकामागून एक येत राहते : टायरेसियस बोलायला नकार देतो, जोकास्टा पुढे विचारू नकोस म्हणून विनवते, म्हातारा मेंढपाळ गप्प राहण्याची भीक मागतो. ईडिपस प्रत्येकाला बाजूला सारतो. मेंढपाळाला तर तो छळाची धमकी देऊन बोलते करतो. ज्या चिकाटीने त्याने थीब्जला छळणाऱ्या स्फिंक्स या राक्षसीचे कोडे सोडवून नगर वाचवले, तीच चिकाटी इथे त्याला उद्ध्वस्त करते. त्याचा मोठेपणा आणि त्याचा नाश यांना वेगळे काढता येत नाही, आणि म्हणूनच दोष शोधून तो काढून टाकला असता तर नायक वाचला असता, हा हिशेब या नाटकात चुकतो.

शेवटी, स्वतःचे डोळे फोडून तो बाहेर येतो तेव्हा कोणत्या देवाने तुला प्रवृत्त केले असे कोरस विचारतो. हे दुःख अपोलोने घडवले, पण आघात करणारा हात माझा, दुसऱ्या कुणाचा नव्हे, असे तो सांगतो. या दोन विधानांत ग्रीकांना विसंगती वाटत नव्हती. एकच कृत्य देवाचेही असू शकते आणि पूर्णपणे माणसाचेही. एस्किलस या दुसऱ्या ग्रीक नाटककाराच्या नाटकात राजा आगामेम्नॉन मुलीचा बळी देतो, तेव्हा त्याने अपरिहार्यतेचे जू मानेवर ‘घेतले’ असे कोरस म्हणतो. जू अपरिहार्यतेचे आहे, तरी ते घेणारा तोच.

प्रश्न : मग ग्रीकांच्या लेखी उन्मत्तपणा म्हणजे काय? त्याला नाटकात स्थानच नव्हते का?

उत्तर : होते, पण तो मनातला अभिमान नसून दुसऱ्याला पायदळी तुडवण्याचे कृत्य होते. अथेन्समध्ये या कृत्याविरुद्ध कायदाच होता आणि नागरिकाला त्याबद्दल खटला भरता येत असे. दुसऱ्याची मानहानी करण्यात जो आनंद घेतो तो उन्मत्त, असे ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात सांगितले आहे. केवळ स्वतःबद्दल अभिमान बाळगणे हा ग्रीकांच्या दृष्टीने गुन्हा नव्हता. त्यांच्या वीरांना आपली थोरवी सांगताना संकोच वाटत नसे.

आपल्या सूत्रात चपखल बसणारे नाटक हवे असेल तर एस्किलसचे ‘पर्शियन्स’ वाचावे. सॅलॅमिसच्या आरमारी लढाईनंतर आठच वर्षांनी, इ.स.पू. 472 मध्ये, ते अथेन्समध्ये झाले. हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर पूल बांधून समुद्राला दास बनवू पाहणाऱ्या आणि ग्रीसमधली मंदिरे जाळणाऱ्या पर्शियाच्या राजा झर्क्सीजच्या सेनेची वाताहत त्यात आहे. मदाला फुलोरा आला की सर्वनाशाचे कणीस धरते आणि पीक म्हणून हाती येतात ते अश्रू, असे तिथे झर्क्सीजचा मृत बाप दरायस याचे भूत बजावते. सॉफोक्लीझच्या नाटकातला ट्रॉयच्या युद्धातील वीर एजॅक्सही असाच : देवांच्या साहाय्याने नेभळटसुद्धा जिंकेल, मी त्यांच्याशिवाय जिंकेन, असे तो बापाला सांगून निघाला होता. तरीही सॉफोक्लीझ तेवढ्यावर थांबत नाही. अथीना देवीचा कोप एका दिवसापुरताच आहे असे तो सांगतो, आणि एजॅक्सच्या आत्महत्येनंतरचा बराच भाग त्याला दफनाचा मान मिळावा की नाही या वादाला देतो, ज्यात त्याची बाजू घेतो तो त्याचा वैरी ओडिसियस.

प्रश्न : ग्रीकांची नियती म्हणजे आपले प्रारब्धच ना?

उत्तर : नाही. प्रारब्धात आपल्याच पूर्वकर्माचे फळ असते; ग्रीक नाटकात भोग बहुधा पूर्वजांकडून येतो. ‘थीब्जवर सातांची चढाई’ या नाटकात एस्किलस सांगतो की निपुत्रिक राहिलास तरच नगर वाचेल असे अपोलोने लायसला तीनदा बजावले होते आणि त्याने ते मानले नाही. सॉफोक्लीझने ‘राजा ईडिपस’मध्ये हे कारणही वगळले. तिथे कौल आहे. तो का, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही.

प्रश्न : ‘अँटिगनी’ची शोकनायिका अँटिगनी की क्रीऑन?

उत्तर : ॲरिस्टॉटलची व्याख्या लावली तर क्रीऑन अधिक जवळ जातो, कारण चूक करणारा, ती ओळखणारा आणि तरी सारे गमावणारा तोच आहे. ईडिपसची मुलगी अँटिगनी हिने बंदी मोडून भावाच्या प्रेताला माती दिली म्हणून राजा क्रीऑनने तिला गुहेत कोंडले आहे. टायरेसियसने बजावल्यावर तो नमतो. पण आधी अँटिगनीच्या भावाच्या प्रेताला मूठमाती देतो आणि मग तिच्या गुहेकडे वळतो. तोवर तिने गळफास घेतलेला असतो. अँटिगनीला मात्र आपण चुकलो असे शेवटपर्यंत वाटत नाही, आणि तिच्यासारखी पात्रे ॲरिस्टॉटलच्या व्याख्येत नीट बसत नाहीत. मला स्वतःला ही व्याख्येची उणीव वाटते, अँटिगनीची नव्हे.