पीएस६ साठी थांबू का, आणि एम.जी. रोडवर टोकन देऊ का?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तू नाशिकच्या इंदिरानगरला राहतोस, शिकवण्या घेऊन पंचावन्न हजार जमवलेस, आणि प्लेस्टेशन ५ (पीएस५, सोनीचं गेम खेळायचं यंत्र) घ्यायला निघालास तोच मित्राने त्यापुढच्या पीएस६ ची 'लीक', म्हणजे आतून फुटलेली माहिती, पाठवली. नोव्हेंबर २०२७ ला येणार, किंमत अमुक, सोबत यंत्राचा फोटोसुद्धा. त्यात एम.जी. रोडवरचा एक दुकानदार 'पहिल्या लॉटमध्ये नंबर लावून देतो' म्हणून पाच हजार टोकन मागतोय. थांबू, आत्ता पीएस५ घेऊ, की टोकन देऊन ठेवू, असं तू विचारलं आहेस.

टोकन देऊ नकोस. सोनीने पीएस६ नावाचं यंत्र अजून जाहीरच केलेलं नाही. किंमत नाही, तारीख नाही, भारतात माल कधी आणि किती येणार याचा पत्ता नाही. मग नंबर लावणार तो कशाचा? दुकानदाराला एवढंच विचार की पावतीवर मॉडेल, किंमत, मिळण्याची तारीख आणि पैसे परत करण्याची अट लिहून देतोस का. देणार नाही, कारण त्याच्याकडेही ती माहिती नाही. तुझे पाच हजार तो वर्ष-दोन वर्षं बिनव्याजी वापरणार, याला मी तरी बुकिंग म्हणणार नाही.

आता अफवांकडे येऊ. मी त्या टाकाऊ मानत नाही. येणाऱ्या कन्सोलबद्दल, म्हणजे अशा गेमयंत्राबद्दल, अंदाज बांधणं, आकडे ताडून बघणं, रात्री दोनपर्यंत वाद घालणं, यात या छंदाचा निम्मा आनंद आहे आणि तो मी भरपूर घेतला आहे. फक्त अफवा कशाबद्दल आहे आणि कुठून फुटली आहे, हे आधी बघायचं. चिपबद्दलची अफवा बऱ्याचदा खरी निघते. तारखेबद्दलची क्वचित. किमतीबद्दलची जवळजवळ कधीच नाही. आणि भारताबद्दलची अफवा तर कोणी उठवतच नाही, आपल्याला नेमकी तीच हवी असते.

चिपचं असं का होतं, तर चिप सगळ्यात आधी ठरते आणि ती खूप हातांतून जाते. पीएस५ चंच बघ. २०२० च्या सुरुवातीला सोनीसाठी चिप बनवणाऱ्या एएमडीच्या चाचण्यांचा डेटा गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर सापडला. त्यात सोनीच्या चिपमध्ये ३६ कम्प्यूट युनिट (चित्राचं गणित करणारे चिपचे भाग), २ गिगाहर्ट्झ वेग, म्हणजे साधारण ९.२ टेराफ्लॉप (एकूण ताकदीचं माप) असं दिसत होतं. एक्सबॉक्स सिरीज एक्स १२ टेराफ्लॉपची आहे हे मायक्रोसॉफ्टने लवकरच जाहीर केलं, त्यामुळे प्लेस्टेशनवाले हा डेटा खोटा आहे, जुना आहे, वेगळ्याच चिपचा आहे असं म्हणत हिरीरीने भांडत होते. १८ मार्च २०२० ला पीएस५ चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी सविस्तर माहिती दिली: ३६ कम्प्यूट युनिट, वेग मात्र २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत, एकूण १०.२८ टेराफ्लॉप. म्हणजे युनिटांची संख्या लीकमध्ये बरोबर होती आणि वेग कमी होता. सिलिकॉनवर किती युनिट कोरायची हे फार आधी पक्कं होतं, ते नंतर बदलणं अतिशय महाग पडतं. वेग किती ठेवायचा हे कूलिंग आणि वीजपुरवठा बघून शेवटपर्यंत हलवता येतं. तेव्हा पीएस६ च्या लीकमधला कम्प्यूट युनिटांचा आकडा मी लक्ष देऊन वाचतो, टेराफ्लॉपचा आकडा वाचून पुढे जातो.

तू पाठवलेल्या फोटोचा विचारच करू नकोस. २०१९ मध्ये ब्राझीलमधल्या पेटंट नोंदीतून सोनीच्या एका यंत्राचं चित्र बाहेर आलं होतं, मधोमध इंग्रजी व्हीच्या आकाराची खोल खाच असलेलं. चित्र खरं होतं, नोंदही खरी होती. लोकांनी त्यावरून काळ्या-निळ्या रंगातली सुंदर रेंडर (संगणकावर बनवलेली चित्रं) बनवली आणि हाच पीएस५ असं ठरवून टाकलं. तो निघाला डेव्हकिट, गेम बनवणाऱ्या स्टुडिओंना देतात ते यंत्र. दुकानात येणारा पांढरा, उंच कॉलरसारख्या बाजूंचा पीएस५ जगाने पहिल्यांदा ११ जून २०२० ला पाहिला. इथे तर कागद अस्सल असूनही अंदाज चुकला. तुझ्या फोटोमागे तर कागदही नाही.

तारखेचं उदाहरण निन्टेंडोचं घे. २०२१ मध्ये 'स्विच प्रो' येणार, टीव्हीवर ४के चालणार अशा बातम्या मोठमोठ्या संस्थांनी दिल्या होत्या. ६ जुलै २०२१ ला जाहीर झाला तो ७ इंची ओएलईडी पडद्याचा स्विच, आतली चिप त्याच ताकदीची आणि ४के नाही. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये चिप बनवणाऱ्या एनव्हिडियावर सायबर हल्ला झाला, त्यात टी२३९ या चिपचे तपशील बाहेर पडले. ती चिप खरी होती, स्विच २ तिच्यावरच चालतो. पण स्विच २ बाजारात आला ५ जून २०२५ ला. मधल्या काळात दर वर्षी कोणी ना कोणी 'या वर्षी नक्की' म्हणतच होतं. चिप तयार असली तरी सुरुवातीचे गेम तयार लागतात, लाखो यंत्रं गोदामात लागतात, जुन्या यंत्राची विक्री कितपत मंदावली तेही बघावं लागतं. लीक करणाऱ्याला यातलं फार तर एक अंग दिसत असतं.

कंपनीचा स्वतःचा कागदसुद्धा शिळा होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदांतून मायक्रोसॉफ्टचे अंतर्गत आराखडे उघड झाले. त्यात 'ब्रुकलिन' नावाचा, डिस्क ड्राइव्ह नसलेला दंडगोल सिरीज एक्स होता, आणि पुढची पिढी २०२८ मध्ये दाखवली होती. २०२४ मध्ये डिस्कविना सिरीज एक्स आला खरा, पण जुन्याच चौकोनी खोक्यात, पांढऱ्या रंगात.

आपल्या दृष्टीने सगळ्यात मोठा धडा मात्र पीएस५ प्रोचा, म्हणजे पीएस५ च्या जास्त ताकदीच्या आवृत्तीचा, आहे. मार्च २०२४ मध्ये त्याची डेव्हलपरांसाठीची माहिती फुटली: रेंडरिंग ४५ टक्के जलद, पीएसएसआर नावाचं नवं अपस्केलिंग (कमी बारकाव्याचं चित्र मोठं आणि स्पष्ट करण्याचं तंत्र). १० सप्टेंबरला सोनीने जाहीर केलं तेव्हा दोन्ही गोष्टी जशाच्या तशा निघाल्या, ४५ चा आकडासुद्धा. लीक याहून खरी असू शकत नाही. पण किंमत ऐकून सगळे गप्प झाले, ६९९.९९ डॉलर आणि त्यात डिस्क ड्राइव्ह नाही. आणि भारतात? ७ नोव्हेंबर २०२४ ला जगभर विक्री सुरू झाली, आपल्याकडे तेव्हा आलाच नाही. कारण होतं वाय-फाय ७. त्याला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात तेव्हा खुला नव्हता, आणि असे देश वगळल्याचं सोनीनेच सांगितलं. सहा महिने आपण टेराफ्लॉप आणि रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याचं तंत्र) यांवर बोललो, दूरसंचार खात्याच्या परवानगीबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. पुढे मे २०२५ मध्ये त्या पट्ट्यातला ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा भाग खुला करण्याचे मसुदा नियम सरकारने काढले, म्हणजे पीएस६ च्या वाटेतली ही अडचण सुटायची आशा आहे. माझं मत विचारशील तर नाशिकमध्ये बसून पीएस६ वर लक्ष ठेवायचं असेल तर यूट्यूबवरच्या लीकवाल्यांइतकंच दूरसंचार खात्याच्या अधिसूचनांवर ठेवावं.

भारतातल्या तारखांचा इतिहासही बघून घे. पीएस४ अमेरिकेत नोव्हेंबर २०१३ ला आला, आपल्याकडे जानेवारी २०१४ ला. पीएस५ नोव्हेंबर २०२० चा, आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१. एक्सबॉक्स वन तर जवळजवळ दहा महिने उशिरा आला, उलट सिरीज एक्स आणि एस जगाबरोबर त्याच दिवशी आले. निन्टेंडोने स्विच इथे अधिकृतपणे आणलाच नाही. पीएस५ ची प्री-ऑर्डर सुरू झाली तेव्हा काही मिनिटांत साठा संपला, आणि पुढे कित्येक महिने नाशिकमधली पोरं दुकानांत फोन करत होती, ग्रे मार्केटवाले (अधिकृत वितरणाबाहेर माल विकणारे) वाटेल तो भाव सांगत होते. तेव्हा नोव्हेंबर २०२७ ही तारीख खरी धरली तरी तुझ्या हातात डबा २०२८ मध्ये पडेल असंच धरून चाल.

आता ती तारीख खरी धरावी का? पीएस३, पीएस४, पीएस५ यांच्यात सात-सात वर्षांचं अंतर आहे, त्या हिशेबाने २०२७ येतं, आणि बहुतेक अंदाजांचा पाया एवढाच आहे. माझा कल २०२८ कडे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनी आणि एएमडीने पुढच्या चिपतंत्राच्या 'ॲमेथिस्ट' प्रकल्पाबद्दल जाहीर चर्चा केली. एआयच्या कामासाठी न्यूरल ॲरे, प्रकाशाच्या गणितासाठी रेडियन्स कोर आणि मेमरीवरचा ताण कमी करणारी नवी कॉम्प्रेशन पद्धत, असे तीन भाग त्यांनी दाखवले. त्याच वेळी सर्नी यांनी स्पष्ट सांगितलं की हे तंत्र तेव्हा फक्त सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नमुन्यात, आहे आणि 'काही वर्षांनी' येणाऱ्या कन्सोलमध्ये ते आणायचं आहे. सिम्युलेशनमधून प्रत्यक्ष सिलिकॉन, चाचण्या, मग कारखान्यात लाखोंचं उत्पादन, हे दोन वर्षांत बसवणं शक्य आहे, पण ओढाताणीचं आहे. 'ओरायन' आणि हातात धरून खेळायचा 'कॅनिस' ही लीकमधली नावं मी याच नजरेने वाचतो. असतीलही, पण त्यावरून महिना सांगू नये.

किमतीवर तर मी पैजसुद्धा लावणार नाही. लासलगावला कांद्याचा भाव लिलाव सुरू झाल्यावर फुटतो, आदल्या रात्री कोणी कितीही सांगो, आणि कन्सोलची किंमतही अशीच शेवटच्या घटकेला, समोरच्याचा अंदाज घेऊन ठरते. २०२० मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनीही सप्टेंबरपर्यंत किंमत उघड केली नव्हती, विक्री नोव्हेंबरला. शिवाय २०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरांनी मेमरी चिप इतक्या उचलल्या की त्यांचे भाव चढले, आणि कन्सोलमध्ये मेमरी हा मोठा खर्च असतो. आज कोणी पीएस६ चा रुपयांतला भाव सांगत असेल तर त्याने तो मनाने लिहिला आहे.

मग तू काय करायचं? माझ्या मते आत्ता पीएस५ घे. थांबलास तर हाच पीएस५ स्वस्त होईल, हा पूर्वीचा हिशेब या पिढीत चालत नाही. पीएस४ सुरुवातीला ३९,९९० ला होता आणि पुढे बराच उतरला. पीएस५ डिस्कवाला ४९,९९० ला आला आणि ५४,९९० वर गेला. अमेरिकेतही सोनीने ऑगस्ट २०२५ मध्ये ५० डॉलर वाढवले. सणाच्या ऑफर येतात, दसरा-दिवाळीला नजर ठेव, पण कायमच्या कपातीची वाट बघू नकोस. ज्या गेमसाठी सगळे डोळे लावून बसलेत त्या जीटीए ६ ला तो बनवणाऱ्या रॉकस्टारने १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख दिली आहे आणि तो पीएस५ वर व एक्सबॉक्स सिरीजवर येतोय. आत्ता घेतलास तर सिंहस्थ उरकेपर्यंत तुझे पैसे वसूल झालेले असतील. पीएस५ वर पीएस४ चे बहुतेक सगळे गेम चालतात, पुढच्या चिपसाठीही सोनी एएमडीबरोबरच काम करतेय, त्यामुळे आज घेतलेले गेम पुढच्या यंत्रावरही चालतील असं मला वाटतं. शक्य असेल तर डिस्कवाला घे. विद्यार्थ्याला डिस्क परवडते, खेळून झाल्यावर विकता येते, मित्राशी बदलता येते, आणि सेकंडहँड घेतली तर गेम निम्म्यात पडतो.

घेताना डब्याच्या बाजूचं लेबल स्वतः वाच. भारतासाठीच्या पीएस५ चा मॉडेल क्रमांक सीएफआय-१००८, १२०८, २००८ असा, ० आणि ८ वर संपणारा असतो, त्यापुढे ए किंवा बी. यातला २००८ हा स्लिमचा, म्हणजे नंतर आलेल्या बारीक आवृत्तीचा. शेवटचे आकडे वेगळे असतील तर तो बाहेरून आणलेला पीस आहे. चालेल तो, पण इथली वॉरंटी त्याला नाही, आणि दुकानदार 'आपण बघून घेऊ' म्हणाला तर ते बिलावर लिहून माग. जीएसटीचं पक्कं बिल घे, त्यावर यंत्राचा सिरियल नंबर टाकून घे आणि तो डब्यावरच्या नंबराशी तिथेच जुळवून बघ. डिजिटल (डिस्क ड्राइव्ह नसलेला) घेऊन स्लिमचा सुटा ड्राइव्ह नंतर लावायचा विचार असेल तर तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं, घरी वाय-फाय नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट चालतो.

त्या दुकानदाराकडे पीएस५ आहे का तेही विचार. लेबल बरोबर असेल, बिल देत असेल आणि भाव ऑनलाइनच्या आसपास असेल तर त्याच्याकडूनच घ्यायला माझी हरकत नाही.