आपल्याच पुण्यात पाहुणे

प्रश्न: जन्म पुण्यातला, ३४ वर्षं बँकेत गेली, आता रिटायर झालोय. पाहुणे आले की शनिवारवाडा दाखवायचा एवढंच माझं पुणे! बाकी कुठून सुरुवात करू? गुडघे जरा कुरकुर करतात.

उत्तर: काका, शनिवारवाडा राहू द्या, आधी जंगली महाराज रोडवरच्या पाताळेश्वरला जा. आठव्या शतकातली लेणी, अख्खी एका खडकात कोरलेली, समोरचा गोल नंदीमंडप तर निवांत बसून बघावा असा, आणि बाहेर ट्रॅफिक बोंबलत असतो तरी आत एकदम गार नि शांत. नंतर एखाद्या दिवशी शुक्रवार पेठेतलं केळकर म्युझियम. दिनकर केळकरांनी लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीत ते उभं केलं. अडकित्ते बघाच, घोड्याच्या आकाराचे काय, बाईच्या आकाराचे काय, सुपारी कातरायच्या वस्तूवर किती ती हौस! कोथरूडचा मस्तानी महालही तिथेच आणून परत उभारलाय. जिने आहेत, त्यामुळे एका दिवशी एकच मजला केलात तरी चालेल.

गाडी घरीच ठेवा, पार्किंग शोधण्यातच मूड जातो. पीएमपी बसचा ज्येष्ठांचा पास काढा. आणि काकूंना विचारलंत का, त्यांना कुठे जायचंय?