लंडनमध्ये एकच दुपार मोकळी आहे. नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी बघावी का, की शेजारची नॅशनल गॅलरी बघितली की पुरे?

तुम्ही पुढे लिहिलंय की चित्रकलेतलं आपल्याला फारसं कळत नाही आणि नुसते चेहरे बघून कंटाळा येईल अशी भीती वाटते. माझं सरळ मत सांगतो: चित्रकलेतलं कळत नसेल, तर आधी पोर्ट्रेट गॅलरीतच जा. तिथे चित्र चांगलं की वाईट हा प्रश्न दुय्यम आहे. चित्रातला माणूस कोण, हे महत्त्वाचं.

गॅलरी १८५६ साली स्थापन झाली, तेव्हाच हे ठरलं होतं. चित्रकाराचं कौशल्य नव्हे, तर त्या व्यक्तीचं इतिहासातलं स्थान बघायचं. आणि तिने आयुष्यात घोडचुका केल्या असल्या तरी तेवढ्यावरून तिला नाकारायचं नाही. लॉर्ड स्टॅनहोप यांनी अशी गॅलरी हवी, हा विषय दहा वर्षं पार्लमेंटमध्ये लावून धरला होता. त्यांच्या जोडीला होते इतिहासकार थॉमस कार्लाइल आणि मेकॉले. हो, तोच मेकॉले, ज्याच्या नावाने आपल्याकडे शिक्षणावरचे निम्मे वाद सुरू होतात. या तिघांचे अर्धपुतळे जुन्या दाराच्या वर आहेत. आणखी एक नियम असा होता की राजा-राणी सोडले तर हयात माणसाचं चित्र घ्यायचं नाही. तो १९६९ साली सुटला.

या धोरणामुळे संग्रहात काही अगदी सुमार चित्रं आली आहेत, आणि माझ्या मते तीच सगळ्यात बघण्यासारखी आहेत. ब्राँटे बहिणींचं घ्या. ॲन, एमिली आणि शार्लट या तिघी लेखिका, चित्र काढणारा त्यांचा भाऊ ब्रॅनवेल, साल साधारण १८३४. तेव्हा तो पोरसवदा होता आणि हात बेताचाच होता. चेहरे ताठ, डोळे तिघींचे जवळजवळ सारखेच. पण जरा जवळ जाऊन उभे राहा. कॅनव्हासवर आडव्या-उभ्या घड्यांच्या रेघा स्पष्ट दिसतात, काही ठिकाणी रंगाचे टवके उडालेत. शार्लटच्या नवऱ्याने हे चित्र आयर्लंडला नेलं होतं. तिथे ते घडी घालून कपाटावर पडून राहिलं आणि १९१४ साली त्याच्या दुसऱ्या बायकोला सापडलं. गॅलरीने त्या घड्या मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत. आता बहिणींच्या मधल्या खांबाकडे बघा. त्यात एका पुरुषाची अंधुक आकृती दिसते. ब्रॅनवेलने आधी स्वतःलाही रंगवलं होतं आणि मग वरून खांब काढून स्वतःला पुसून टाकलं. तैलरंग काळानुसार पारदर्शक होत जातो, त्यामुळे तो आता हळूहळू पुन्हा वर येतोय.

दुसरं कादंबरीकार जेन ऑस्टिनचं. बहीण कॅसँड्राने पेन्सिल आणि जलरंगात केलेलं, तळहातावर मावेल एवढं कच्चं रेखाटन. हाताची घडी, ओठ आवळलेले, काहीशी वैतागलेली बाई. इंग्लंडच्या दहा पौंडांच्या नोटेवर जी गोड चेहऱ्याची ऑस्टिन दिसते, तिचं मूळ हेच. फक्त ती व्हिक्टोरियन काळात बरीच गोंडस करून घेतलेली आहे. मला मूळची वैतागलेलीच जास्त खरी वाटते.

शेक्सपिअरचं 'चँडोस' नावाने ओळखलं जाणारं चित्र हे संग्रहात नोंदलेलं सगळ्यात पहिलं. कानात सोन्याची बाळी आहे, आणि तो खरंच शेक्सपिअर आहे का, हे अजूनही कुणी छातीठोक सांगत नाही.

कार्लाइलचं जॉन मिलेने केलेलं चित्र दिसलं तर त्याची कथा लक्षात ठेवा. जुलै १९१४ मध्ये स्त्रियांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या एका बाईने गॅलरीत येऊन खाटकाच्या सुऱ्याने ते फाडलं. निशाणा लागला तो थेट संस्थापकावरच! त्या काळात पोलिसांनी अशा बायकांचे चोरून काढलेले फोटो पहारेकऱ्यांना ओळख पटावी म्हणून वाटले होते. ते फोटो आज याच गॅलरीच्या संग्रहात आहेत. या लढ्याची पुढारी एमेलिन पँकहर्स्ट हिचं तैलचित्रही आहे.

आपल्या भागाशी जोडलेला एक चेहरा म्हणजे आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याची बरीच चित्रं इथे आहेत. त्यातलं रॉबर्ट होमने केलेलं १८०४ सालचं आहे, म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत त्याने मराठ्यांना हरवलं, त्यानंतर लगेचचं. नेपोलियनला ज्या लढाईत हरवलं त्या वॉटर्लूच्या आधीचा, तरुण वेलस्ली.

आता व्यवहाराचं. प्रवेश फुकट आहे, खास प्रदर्शनांना मात्र तिकीट लागतं. मोठ्या दुरुस्तीनंतर गॅलरी जून २०२३ मध्ये पुन्हा उघडली, तेव्हा उत्तर बाजूला नवं दार झालं. त्यावर ट्रेसी एमिन या कलाकार बाईने बायकांचे ४५ चेहरे ब्राँझमध्ये केले आहेत. थेट वरच्या मजल्यावर जा आणि ट्यूडर राजांपासून खाली उतरत या. आठव्या हेन्रीचं होल्बाइनने केलेलं पूर्णाकृती रेखाटन चुकवू नका. ते भिंतीवर उतरवून भित्तिचित्र करण्यासाठी काढलेलं होतं, त्यामुळे आकृतीच्या रेषांवरून टोचलेली बारीक भोकं दिसतात. खालच्या मजल्यांवरचे सरदार-मुत्सद्दी भराभर ओलांडलेत तरी चालेल, मीही ओलांडतो. पॅसिफिकमधल्या बेटावरून इंग्लंडला आलेल्या 'माई' नावाच्या तरुणाचं रेनल्ड्सने केलेलं चित्र बघायचं असेल तर आधी वेबसाइटवर खात्री करून घ्या. २०२३ साली ते ५ कोटी पौंडांना लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाबरोबर भागीदारीत घेतलंय, त्यामुळे ते आळीपाळीने दोन्हीकडे असतं. कागदावरची नाजूक चित्रंही उजेडामुळे अधूनमधून आत ठेवतात.

दोन तास पुरतात. नॅशनल गॅलरी रस्ता ओलांडल्यासारखी जवळ आहे, वेळ उरला तर व्हॅन गॉगची सूर्यफुलं बघून घ्या.